चौऱ्याण्णव मिलिमीटर

बिरुदेव दरवर्षी वर्गात पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारायचा. लायब्ररी म्हणजे काय? "पुस्तकं, सर" हे उत्तर ठरलेलं. मग तो फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचा: दुसऱ्याने आधीच करून ठेवलेली मेहनत. सोलापुरात होटगी रस्त्यावरच्या एका खासगी संस्थेत तो इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा. नोकरी वायरमनच्या अभ्यासक्रमाची, पण जीव सगळा मायक्रोकंट्रोलरमध्ये. काडेपेटीएवढा बोर्ड, त्याला चार तारांनी जोडलेला एखादा सेन्सर आणि लॅपटॉपवर लिहिलेल्या पाचपन्नास ओळी, एवढ्या भांडवलावर खोलीतला पंखा टाळीनं चालू करण्यापासून टाकी भरली की शिट्टी वाजवण्यापर्यंत सगळे उद्योग त्यानं करून झाले होते. सेन्सरशी कसं बोलायचं हे आपण शून्यापासून लिहीत बसायचं नाही, असं तो सांगायचा. कुणीतरी ते लिहून ठेवलेलं असतं. ती लायब्ररी शोधायची, इन्स्टॉल दाबायचं, सोबत आणखी दोन लागतील असं विचारलं तर त्याही मुकाट घ्यायच्या. आणि स्वतःची अक्कल पाजळण्याआधी लायब्ररीबरोबर आलेलं उदाहरण आहे तसं एकदा चालवून बघायचं. ह्या शेवटच्या नियमाबद्दल तो इतका हट्टी होता, की पोरं त्याला पाठीमागं "उदाहरण सर" म्हणायची. त्याला ते माहीत होतं.

शनिवारी दुपारची एसटी धरून तो गावी जायचा. गाव सांगोल्याच्या पुढं. घरी साठ-सत्तर मेंढ्या-शेरडं, दोन एकर डाळिंब, आई राजाबाई, थोरला भाऊ कुमार आणि त्याची बायको पूनम. फेब्रुवारीत ह्याच घरात राजाबाईचा उजवा हात कडबा कापायच्या कुट्टीत गेला.

त्यात चूक कुणाची हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. कुमारनं विहिरीच्या स्टार्टरला ऑटो बसवला होता. लाईट आली की मोटर आपोआप सुरू, उठून विहिरीवर जायला नको. तालुक्यात घरोघर हाच उद्योग चालतो, त्यात नवल काही नाही. कुमारनं शहाणपण केलं ते पुढं. कडबा कुट्टीच्या यंत्राची वायरही त्यानं त्याच स्टार्टरवरून ओढली. एक दिवस सकाळी अकराच्या सुमाराला कुट्टी चालू असताना लाईट गेली, कडब्याची पेंडी आत ओढणाऱ्या रुळांत अर्धी अडकली, आणि ती मागं ओढून काढायला राजाबाईनं यंत्राच्या तोंडात हात घातला. तेवढ्यात लाईट आली.

आधी दातेरी रुळांनी बोटं धरली. मग बांगड्या फुटल्या. मग हात पात्यांपाशी गेला. पूनम ओरडत स्टार्टरकडं धावली, तिला सात-आठ सेकंद लागले असतील, आणि कुट्टीचं चाक सेकंदाला चार-पाच फेऱ्या सहज घेतं. रक्त वरच्या पत्र्याला लागलं होतं. सगळे राजाबाईला जीपमध्ये घालून दवाखान्यात पळाले, आणि मागं शेजारच्या बिभीषणनं साफसफाई केली. यंत्राखालच्या ढिगात हात घालून घालून त्याला दोन बोटं आणि बांगड्यांचे तुकडे सापडले. ते त्यानं बांधाला पुरलं. उरलेली कुट्टी त्यानं वरवर पाणी मारून मेंढ्यांपुढं टाकली. उन्हाळ्याच्या तोंडावर सांगोल्यात चारा कोण टाकून देतं? हे त्यानं बिरुदेवला सहज बोलता बोलता सांगितलं, आणि बिरुदेव गोठ्यामागं जाऊन ओकला.

कुमारनं त्या संध्याकाळी ऑटो दगडानं ठेचला. मग तोच दगड घेऊन यंत्रावर धावला, चाकाच्या दोन आऱ्या वाकवल्या, आणि तरीही राग शमेना तेव्हा पूनमच्या थोबाडीत मारली. मोटर लवकर का बंद केली नाहीस म्हणून. पूनमचा ओठ फाटला. सोळाव्या दिवशी त्यानं आऱ्या सरळ केल्या, आणि राजाबाई उभी राहायची त्या जागी पूनमला उभं केलं.

बिरुदेवला ते बघवेना. पूनम पेंडी लोटायची, आणि हात यंत्राच्या तोंडापासून वीतभर अंतरावर आले की डोळे मिटून घ्यायची. डोळे मिटून कुट्टी करणारीचा हात किती दिवस शाबूत राहणार? ह्या घरातला आणखी एक हात त्या यंत्रात जाऊ द्यायचा नाही, एवढंच त्यानं ठरवलं.

त्याला उपाय माहीत होता. लेझरनं अंतर मोजणारा नखाएवढा सेन्सर मिळतो. तो यंत्राच्या तोंडावर, खाली बघत बसवायचा. ट्रे रिकामा असला की अंतर दोनशेवीस मिलिमीटर येतं, कडबा असला की दीडशेच्या आसपास. त्याच्याही वर काही उठलं, एकशेदहाच्या आत आलं, म्हणजे तो हात. बोर्डानं तत्क्षणी मोटर तोडायची आणि चाकाला ब्रेक लावायचा. त्यानं सेन्सर बनवणाऱ्या कंपनीचीच लायब्ररी घेतली, उदाहरण चालवलं, मग स्वतःच्या ओळी लिहिल्या. संस्थेच्या प्रयोगशाळेत टेबलावर तसाच ट्रे बसवून शंभर वेळा हात घातला आणि शंभर वेळा मोटर तोडणारा रिले टकटकला. मार्चच्या दुसऱ्या शनिवारी तो ते डबडं घेऊन गावी आला.

"ह्ये काय आनलंस?" कुमार म्हणाला.

"दादा, हात जवळ आला की मोटर बंद करतंय."

"आन न्हाय केली तर?"

"करतंय. शंभरदा बघितलंय."

त्यानं रबरी हातमोज्यात भुसा भरून तो चालू यंत्रात लोटला. बोटं रुळांपासून चार अंगुळं असताना चाक कचकन थांबलं. पूनम हसली. महिन्याभरात ती पहिल्यांदा हसली असेल, आणि बिरुदेवला इतकं बरं वाटलं की त्यानं मोजा आणखी तीनदा घालून दाखवला.

खरी कुट्टी सुरू झाली आणि दुसऱ्याच पेंडीला यंत्र थांबलं. पूनमचे हात तेव्हा कंबरेवर होते.

पुन्हा सुरू केलं. पुन्हा थांबलं. तासाभरात अकरा वेळा. कुमार शिव्या घालायला लागला, आणि तेराव्या वेळी त्यानं डबड्यावर लाथ घातली. बिरुदेवनं पट्टा उतरवला, ट्रे पुसून रिकामा केला, लॅपटॉप जोडून समोर पाट टाकून बसला. पडद्यावर आकडे खाली सरकत होते. दोनशेवीस, दोनशेएकवीस, दोनशेवीस. मग चौऱ्याण्णव. चौऱ्याण्णव, त्र्याण्णव, चौऱ्याण्णव. मग पुन्हा दोनशेवीस. ट्रेमध्ये काडीसुद्धा नव्हती. त्यानं सेन्सरची काच पुसली, वर गोणपाट टाकून ऊन अडवलं, तारा बदलल्या. थोड्या वेळानं चौऱ्याण्णव आलंच.

त्यानं दोष लायब्ररीला दिला. असं होतं कधी कधी. नव्या आवृत्तीत कुणी एखादी ओळ बदलतो आणि जगभरचे लोक केस उपटत बसतात. डबडं गावीच ठेवून सोलापुरात त्यानं तसाच दुसरा सेन्सर टेबलावर तीन दिवस चालू ठेवला. साडेतीन लाख आकड्यांत एकही चौऱ्याण्णव नाही. तरी त्यानं लायब्ररी काढून मागची आवृत्ती टाकली, आणि पुढच्या रविवारी गावी नेली. चौऱ्याण्णव. मग त्यानं ती संपूर्णच काढली आणि परदेशातल्या कुणा हौशी माणसानं अगदी निराळ्या पद्धतीनं लिहिलेली दुसरी लायब्ररी घेतली. तिचा कोड त्यानं ओळ न ओळ वाचला. चौऱ्याण्णव.

प्रयोगशाळेत त्याच्याबरोबर संघपाल नावाचा सहायक होता. शांत माणूस, कुठलीही गोष्ट उलटसुलट तपासल्याशिवाय हो म्हणायचा नाही. त्यानं दोन्ही नोंदी शेजारी शेजारी लावून पाहिल्या.

"सर, एकमेकांना न ओळखणारी दोन माणसं एकच खोटं कशाला बोलतील? लायब्ररी बरोबर आहे असं धरा. मग तिथं काय आहे?"

बिरुदेवला तो प्रश्न आवडला नाही. त्याला यंत्र चालू करून द्यायचं होतं, कारण कुमारनं डबडं काढून फेकायची धमकी दिली होती, आणि डबडं गेलं की पूनमच्या हातांना कुणी वाली नव्हता. त्यानं नोंदी पुन्हा पाहिल्या. खरा हात आत ओढला जाताना अंतर बदलत जातं. हे जे काय होतं ते नेहमी चौऱ्याण्णवपाशीच यायचं आणि तिथंच राहायचं. मग त्यानं चार ओळी लिहिल्या. अंतर नव्वद ते अठ्ठ्याण्णवच्या मध्ये असेल तर दुर्लक्ष कर, बाकी कशालाही थांब. मोज्याला यंत्र पहिल्यासारखंच थांबलं. चौऱ्याण्णवला थांबेनासं झालं. कुमारनं पाठीवर थाप मारली, पूनमनं चहात साखर जास्त घातली, आणि बिरुदेव सोमवारी पहाटे खुशीत सोलापूरला आला.

पुढच्या शनिवारी घरात शिरतानाच त्याला आईचं तोंड दिसलं. गालफडं बसली होती. तुटलेल्या मनगटाला पदर गुंडाळून ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. तिचा गेलेला हात दुखायचा हे खरं, पण डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की असं होतंच, हात गेला तरी मेंदूला ते पटायला वेळ लागतो, वर्षभरात कमी होईल.

पूनमनं त्याला हौदापाशी गाठलं. "भावजी, एक इचारू? मशीन चालू झालं की आत्ती वरडत्यात. तोंडात बोळा घालून वरडत्यात. बंद झालं की गप."

"आई आदी बी वरडायची?"

"आदी आत्ती दवाखान्यात व्हत्या, मग तुमचं ते डबडं सारकं बंद पडायचं की. तवा इतकं नव्हतं. ह्या आठवड्यात एकदा बी बंद पडलं न्हाय, आन आत्तींचं बघा की काय झालंय."

मग एक शिक्षक जे करील ते बिरुदेवनं केलं. आईची बाज घराच्या मागच्या अंगाला नेली, तिथून यंत्र दिसत नाही. यंत्राचा पट्टा उतरवला. पूनमला कागद-पेन देऊन आईजवळ बसवलं. आई मनाला येईल तेव्हा त्या नसलेल्या हाताची मूठ आवळणार आणि मनाला येईल तेव्हा सोडणार, पूनमनं फोनमधली वेळ बघून लिहायचं. तो पुढं गोठ्यात लॅपटॉपवर आकडे नोंदवणार. वीस मिनिटांनी त्यानं कागद मागवला.

मूठ एकूण सतरा वेळा आवळली होती. सतराही वेळा आकडा चौऱ्याण्णववरून शहाण्णववर गेला होता. बोटं सोडली की पुन्हा चौऱ्याण्णव.

तो कागद घेऊन मागं गेला आणि आईच्या पायथ्याशी बसला.

"बिरू, कागुद कशाला बघतुस? मला ठावं हाय," राजाबाई म्हणाली. "हात त्येच्या तोंडातच हाय माजा. रोज चिरतंय. संपतच न्हाय."

"काडता येत न्हाय का, आये?"

"लई बघितलं. कुनीतरी मनगाटाला धरलंय."

त्यानं त्याच क्षणी जाऊन त्या चार ओळी पुसल्या. आठ दिवस रोज दीड-दोन तास, आणि हे आपण केलं, आपल्या हातानं, यंत्राला बजावून सांगितलं की हिच्याकडं बघू नको. त्याला रडू आवरेना. गोठ्यातल्या मेंढ्या त्याच्याकडं बघत उभ्या होत्या आणि त्याला त्यांच्याकडंही बघवेना.

कुमारला सांगायचा त्यानं प्रयत्न केला. कुमारनं सगळं ऐकून घेतलं, आणि मग इतक्या जोरानं ढकललं की बिरुदेव दावणीच्या खुंट्यावर आदळला आणि त्याची बरगडी दुखावली.

"सत्तर जनावरं हाईत! कोयत्यानं तोडू का कडबा? म्हातारीचं डोकं फिरलंय, आन तुजं शिकून फिरलंय!" त्याचा आवाज चिरकत होता. आईचं नाव निघालं की तो असाच पिसाळायचा, कारण ऑटो त्यानं बसवला होता. त्यानं डबड्याच्या तारा उपटल्या आणि मोटर सरळ स्टार्टरवर घेतली. आता थांबवणारं काहीच उरलं नाही, राजाबाईसाठीही नाही आणि पूनमसाठीही नाही.

आठवडाभर पूनमचे फोन येत होते. ती काही बोलायची नाही. नुसता फोन उघडा धरायची, आणि यंत्राच्या घरघरीखालून दुसरा एक आवाज ऐकू यायचा. बिरुदेवनं संघपालला सगळं सांगितलं. संघपाल हसला नाही. त्यानं कपाटातून एक नवा सेन्सर काढून दिला. हा एकच अंतर मोजत नाही, समोरच्या जागेचे आडवे आठ आणि उभे आठ असे चौसष्ट चौकोन करतो आणि प्रत्येकातलं अंतर सांगतो.

"नुसता आकडा बघून काही कळणार नाही, सर. आकार बघा."

त्याची लायब्ररी अवजड होती. जुन्या बोर्डात मावेना, मोठा बोर्ड घ्यावा लागला. चालू झाल्यावर आधी ती सेन्सरच्या पोटात त्याचा स्वतःचा प्रोग्रॅम भरते, त्यात दहा सेकंद जातात, तोवर पडदा कोरा. बिरुदेवनं सोलापुरात उदाहरण चालवलं, स्वतःचा हात खाली धरला. चौसष्ट आकड्यांत हाताची आकृती चांगली कळत होती. बोटं सुटी दिसत नव्हती, पण पंजा कुठला आणि मनगट कुठलं हे पोरालाही सांगता आलं असतं.

शनिवारी सकाळचीच एसटी धरून तो पोचला तेव्हा दुपारचा एक वाजला होता. लाईट गेलेली होती. तरी त्यानं मोटरीच्या तिन्ही तारा स्टार्टरमधून सोडवल्या आणि पट्टा काढून खुंटीला टांगला. चाक हातानं फिरवून पाहिलं. जड होतं, सोडलं की जागेवर थांबत होतं. त्यानं सेन्सर तोंडाच्या वर बसवला, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि दहा सेकंद वाट पाहिली.

आकडे आले. बाहेरच्या बाजूनं, जिथं राजाबाई उभी राहायची तिथून, तीन चौकोन रुंदीची एक पट्टी आत गेली होती. नव्वदच्या आसपासचे आकडे. मनगट, पंजा. आईचा हात तो ओळखत होता.

आतल्या बाजूनं, रुळांमधून, आणखी काहीतरी बाहेर आलेलं होतं.

ते सहा चौकोन रुंद होतं. आईच्या मनगटावर ते आडवं पसरलं होतं, आणि तिथं आकडे सत्तरच्या घरात होते. त्याची दुसरी कड दिसत नव्हती. ते आत पात्यांपर्यंत आणि पात्यांच्याही पलीकडं गेलेलं असावं. पलीकडं चाक होतं, आणि चाकाला लागून भिंत.

"काय बघतुयास?"

कुमार मागं उभा होता. बिरुदेवनं लॅपटॉप मिटायला हवा होता. पण सात-आठ दिवसांची झोप नव्हती, बरगडी ठणकत होती, आणि कुणालातरी दाखवावं असं त्याला फार वाटलं. त्यानं पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. हा आईचा हात. आणि हे बघ, हे काय आहे ते तू सांग.

कुमारचं तोंड लाल झालं. "काय बी न्हाय तितं."

"दादा, लांब हो."

"काय बी न्हाय म्हनतो ना!" त्यानं अस्तन्या मागं सारल्या. "लाईट न्हाय, पट्टा न्हाय, वायर न्हाय. कोन हाय तितं? दाव मला, कोन हाय!"

आणि त्यानं उजवा हात कोपरापर्यंत यंत्राच्या तोंडात घातला.

बिरुदेव पडद्याकडं बघत होता. सहा चौकोनांची ती पट्टी उचलली गेली. सत्तर, पन्नास, चाळीस. मग ती बाजूला सरकली आणि दुसऱ्या मनगटावर उतरली.

घरामागून राजाबाईचा आवाज आला. मोठा, स्वच्छ. "सुटला!"

चाक फिरलं.

हळू फिरलं. पट्टा खुंटीला हलतही नव्हता. रुळांनी कुमारची बोटं घेतली, आणि हाडं मोडल्याचा आवाज वाळल्या कडब्याच्या आवाजापेक्षा वेगळा नव्हता.

कुमार ओरडला. त्यानं डावा हात यंत्रावर टेकून अंग मागं झोकलं, लाथा मारल्या, यंत्राचा पाय जमिनीतून उपटला. बिरुदेवनं त्याच्या कमरेला मिठी मारून ओढलं. पलीकडून कुणीतरी तितक्याच जोरानं ओढत होतं.

पूनम पहार घेऊन धावत आली. तिनं ती चाकाच्या आऱ्यांत खुपसली आणि अंगाचा सगळा भार टाकला.

पहार वाकली.

पहिलं पातं मनगटावरून गेलं. चाक थांबलं नाही. सावकाश, घाई नसल्यासारखं, दुसरं पातं चार बोटं वर आलं. मग तिसरं.

मग यंत्रानं सोडलं. तिघं एकदमच मागं पडली. कुमारच्या कोपरापुढं काही नव्हतं, आणि बिरुदेवच्या छातीवर, तोंडावर, डोळ्यांत गरम रक्त येत होतं.

लॅपटॉप उपडा पडला होता. त्यावर आकडे चालूच होते.

कुमार वाचला. सोलापुरातल्या दवाखान्यात वीस दिवस होता. राजाबाईचा हात त्या दुपारपासून दुखला नाही. तिची गालफडं भरली, तिला झोप लागायला लागली, डाव्या हातानं ती भाकरी थापायला शिकली. पूनमनं मेंढ्या अर्ध्या कमी केल्या आणि उरलेल्या चरायला नेऊ लागली. यंत्र भंगारवाल्याला देऊन टाका असं बिरुदेवनं बिभीषणला सांगितलं, आणि सगळे दवाखान्यातून परत येईस्तोवर त्यानं ते देऊन टाकलं होतं.

बिरुदेवला वाटलं, संपलं. तसं एक महिना वाटत राहिलं. मग जूनमध्ये एका सकाळी कुमार जेवता जेवता ताट सोडून उठला, आणि थोटा हात छातीशी धरून अंगणात लोळायला लागला. तासभर लोळत होता. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच. बिरुदेवनं वेळा लिहून ठेवायला सुरुवात केली, तेवढंच त्याला येत होतं. तीन आठवड्यांत नोंदीतून आकार दिसायला लागला. काही दिवस सकाळी साडेआठनंतर, मग काही दिवस रात्री दहानंतर, मग पुन्हा सकाळी. शेतीची थ्री-फेज लाईट अशीच पाळीपाळीनं येते.

त्यानं भंगारवाल्याला शोधून काढलं. तो म्हणाला, चालू मशीन मोडीत कशाला घालायचं, दिलं कुणालातरी. टेंभुर्णीच्या बाजाराला आलेला माणूस होता, धरणाकडचा. नाव कोण विचारतं?

उजनीच्या काठानं गावं किती, आणि कुट्टी नसलेलं घर कुठलं? बिरुदेव दर रविवारी मोटारसायकल घेऊन हिंडतो. गोठ्यात डोकावतो, चाकाच्या आऱ्या बघतो. उसाच्या पाल्याची कुट्टी करणाऱ्या बायका त्याच्याकडं संशयानं बघतात. तो त्यांना सांगतो, बाई, त्या तोंडात हात घालू नका, लाईट नसली तरी घालू नका. त्या हो म्हणतात.

परवाच्या शनिवारी तो घरी आला तेव्हा कुमारची वेळ सुरू झाली होती. तो बाजेवर पडून अंग पिळवटत होता, दातांत गमछा धरलेला. राजाबाई त्याच्या उशाशी बसली होती. तिनं डाव्या हातानं त्याचा थोटा दंड मायेनं दाबून धरला होता, लहानपणी ताप आला की धरायची तसा.

"वडू नगं, कुमार," ती हळू आवाजात सांगत होती. "मी बी लई वडलं. वडलं की जास्त आवळतंय. सैल सोड. आन थांब जरा. तितं बी कोन ना कोन हात घालंलच की."

कुमारनं मान हलवली, आणि डोळे मिटून वाट बघत पडून राहिला.